तक्रारपेटीची किल्ली

आज सकाळी सातपूरची माझी भाची कामावर न जाता थेट आमच्या घरी आली आणि चहाला हातही न लावता म्हणाली, "मामा, वर ‘गोपनीय’ असं लिहिलं होतं हो मी." वरिष्ठाच्या खोट्या प्रवासबिलांविषयी तिने एचआरला मेल केला होता. तिथल्या महाशयांनी तो तिच्या नावासकट, ‘कृपया खुलासा करावा’ एवढी ओळ जोडून, त्याच वरिष्ठाकडे पाठवून दिला. याला मी चूक म्हणणार नाही. हे माणूस विकणे झाले.

मी अंबडच्या एका कारखान्यात स्टोअर्सला होतो तेव्हा कॅन्टीनच्या दाराशी हिरवी तक्रारपेटी असे. भंगार न्यायला येणाऱ्या गाडीचे रिकामे वजन सोमवारी ४,२०० किलो, तर त्याच गाडीचे गुरुवारी ४,५५० किलो भरायचे, कारण रिकाम्या गाडीत हमाल बसवून काटा केला जाई. भरल्या गाडीच्या वजनातून हे रिकामे वजन वजा होई, म्हणून तेवढे भंगार पुढे फुकट बाहेर पडे. मी नाव न घालता, हे दोन आकडे देऊन डाव्या हाताने चिठ्ठी लिहिली. तिसऱ्या दिवशी ज्यांच्याविषयी लिहिले त्याच साहेबांच्या टेबलावर ती उघडी पडली होती. "काटापावत्या स्टोअर्सशिवाय कोण बघतं?" एवढेच त्यांनी विचारले. पेटीची किल्ली त्यांच्याच जुडग्यात होती.

नाव झाकले की गोपनीयता पाळली, असे समजणाऱ्यांना हे कधी कळणार? मला माझ्या नावाने नव्हे, त्या दोन आकड्यांनी पकडून दिले. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणातील अभियंते सत्येंद्र दुबे यांनी महामार्गाच्या कामातील गैरव्यवहार कळवताना नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली होती, तरी ते नाव सरकारी टेबलांवरून फिरले. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गयेत त्यांची हत्या झाली. न्यायालयात ती लुटीसाठी झालेली हत्या ठरली, हे मान्य. पण नाव फुटले होते. पुढे २००४ साली केंद्रीय कारभारापुरती दक्षता आयोगाकडे बंद पाकिटातून तक्रारीची सोय झाली. तिथे नाव द्यावे लागते, मात्र मजकुरात ओळख पटेल असा धागा ठेवू नका, असे तक्रारदारालाच बजावलेले असते. माझ्या चिठ्ठीत तोच धागा राहिला होता.

सूड उगवायला खोट्या तक्रारी करणारेही असतात, ठीक आहे. ज्याच्यावर आरोप आहे त्याचे म्हणणे ऐकावेच लागते, पण त्यासाठी बिले मागवता येतात. मेल दाखवावा लागत नाही.

हे लिहिता लिहिता राग थोडा निवळला आहे. भाची सांगत होती की तो एचआरचा मुलगा जेमतेम पंचविशीचा आहे. त्याला हे कोणी शिकवलेच नसेल. आमच्या साहेबांना मात्र सगळे कळत होते.

निघताना तिने चपला घालत विचारले, "मामा, त्यानंतर तुम्ही परत कधी चिठ्ठी टाकलीत?"

नाही टाकली. पुढची सतरा वर्षे त्या पेटीवरूनच रोज जेवायला जात होतो.