सणासाठी गरीब कसा निवडावा

चर्चचा सण तोंडावर आला की रोषणाई, फुले, गायनमंडळ आणि ध्वनिवर्धक यांची सोय कशीबशी होऊन जाते; अडते ते गरिबांपाशी. गरिबांचा तुटवडा आहे असे मुळीच नाही, परंतु सणाला शोभेल असा गरीब वेळेवर मिळत नाही आणि ऐनवेळी जो मिळतो तो बहुधा चुकीचा निघतो. यंदा आपली वर्णी सणसमितीवर लागली असेल, तर दानधर्माचे खाते आपल्याच गळ्यात पडण्याचा संभव आहे, कारण ते कोणी मागून घेत नाही. तेव्हा अनुभवाचे चार शब्द ऐकून ठेवावेत.

निवडीत घाई करू नये. गरीब पुरेसा गरीब दिसावा, पण पहिल्या बाकावरच्या मंडळींना रुमाल काढावा लागेल इतकाही नसावा. वृद्ध विधवा सर्वांत उत्तम, त्याखालोखाल लहान मुले. कर्जात बुडालेला, तुरुंगातून सुटून आलेला, व्यसनाच्या विळख्यात सापडलेला किंवा आपल्या गरिबीची कारणे मुद्देसूद सांगू शकणारा मनुष्य शक्यतो टाळावा. विशेषतः शेवटचा, कारण कारणे सांगता सांगता तो उपस्थितांपैकी एखाद्याचे नाव घेण्याची भीती असते. नोकरी गेल्याला सहा महिने उलटूनही इस्त्रीचा सदरा घालून मागच्या बाकावर बसणारा आपल्याच मंडळीतला गृहस्थ तर यादीत घेऊच नये. तो गरीब दिसत नाही, आणि जो दिसत नाही तो नाही, असे धरून चालल्याने समितीचे काम पुष्कळ हलके होते. शिवाय ओळखीच्या माणसाला दान दिले की पुढच्या रविवारी त्याच्याशी बोलणे आले.

चर्चची झाडलोट करणाऱ्या बाईंचा प्रश्न दरवर्षी कोणीतरी भोळसट सदस्य उपस्थित करतो. सणाच्या आठवड्यात त्यांचे काम दुप्पट होते, तेव्हा त्यांचा पगार वाढवावा, असे त्याचे म्हणणे असते. त्याला प्रेमाने समजवावे की पगार हा व्यवहार आहे आणि ब्लँकेट हा धर्म आहे. पगारवाढीचे छायाचित्र निघत नाही, पाकिटावर देणगीदाराचे नाव छापता येत नाही, आणि पगार एकदा वाढवला की तो दर महिन्याला द्यावा लागतो. बायबलमधील याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात मजुरांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडत आहे असे लिहिलेले आहे खरे, पण ध्वनिवर्धक चांगला असला की ती ओरड ऐकू येत नाही. बाईंना ब्लँकेटच्या रांगेत उभे करावे, म्हणजे दोन्ही बाजूंचे समाधान होते.

आता वस्तूंविषयी. घराघरांतून जुने कपडे गोळा करणे ही प्रथा सर्वांत सोयीची, कारण तिच्यात कपाट आणि आत्मा या दोहोंची सफाई एकाच फेरीत होते. चौथ्या शतकातील कप्पदुकियाचे बिशप संत बेसिल यांनी दुष्काळाच्या दिवसांत श्रीमंतांना सुनावले होते की, तुमच्या पेटीत पडून असलेले वस्त्र उघड्या माणसाचे आहे आणि तुमच्याकडे कुजत पडलेला जोडा अनवाणी माणसाचा आहे. या उपदेशाचे पालन आपण अक्षरशः करतो. फक्त जोडा नीट कुजेपर्यंत थांबतो. काही नवे घ्यायचेच झाले तर ते वर्गणीतून घ्यावे आणि त्यावर समितीचे नाव छापून घ्यावे. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवण्याची कला आपल्या भाषेला पूर्वीपासून अवगत आहे. आपण तिला ख्रिस्ती वळण दिले, इतकेच.

या बाबतीत संत मार्टिन यांचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवून चुका टाळाव्यात. ते सैनिक असताना आमिएँ नगराच्या वेशीपाशी कडाक्याच्या थंडीत एक उघडा भिकारी त्यांना भेटला, तेव्हा त्यांनी अंगावरचा झगा तलवारीने कापून अर्धा त्याला दिला. पूर्वनियोजन नाही, नोंद नाही, लाभार्थीची चौकशी नाही. आणि उरलेल्या अर्ध्या झग्यात ते इतके विचित्र दिसत होते की पाहणाऱ्यांपैकी काही जण हसले, असे त्यांचा चरित्रकार नमूद करतो. आपल्या समितीच्या कार्यक्रमात देणाऱ्याला कोणी हसल्याचे ऐकिवात नाही, यावरून आपली प्रगती ध्यानात यावी. त्याच झग्याच्या लॅटिन नावावरून ‘चॅपल’ हा शब्द निघाला. आपण ज्या लहान प्रार्थनागृहाच्या छताला यंदा नवा रंग देत आहात, त्याचे नाव एका फाटक्या वस्त्रावरून पडलेले आहे, ही गोष्ट रंगाच्या देणगीदारांना सांगण्याची काही गरज नाही.

प्रत्यक्ष वाटपाचा क्षण हा सर्वांत नाजूक असल्यामुळे त्यावर थोडे अधिक लिहितो. वस्तू एका टोकाला देणाऱ्याने आणि दुसऱ्या टोकाला घेणाऱ्याने धरावी, आणि दोघांनी एकमेकांकडे न पाहता समोर पाहावे. छायाचित्रकार ‘झाले’ म्हणेपर्यंत देणाऱ्याने पकड सैल करू नये. एका समारंभात मी असे पाहिले की कॅमेऱ्याची बॅटरी संपल्यामुळे एक आजीबाई आणि एक प्रतिष्ठित गृहस्थ बराच वेळ एकच ब्लँकेट धरून उभे होते. आजीबाईंना वाटले की गृहस्थांचा विचार बदलला, म्हणून त्यांनी संकोचाने आपले टोक सोडून दिले. अशा प्रसंगी आजीबाईंना आधीच सूचना दिलेली असावी.

उजवा हात काय करतो ते डाव्या हाताला कळू नये, हे वचन कोणीतरी आठवण करून देईलच. त्याला सांगावे की वचनात दोन्ही हातांचा उल्लेख आहे, छायाचित्रकाराचा नाही. दानधर्म करताना आपल्यापुढे करणा वाजवू नये, हेही त्याच ठिकाणी सांगितले आहे. आपण करणा वाजवत नाही, बँड वाजवतो, आणि तोही संताच्या सन्मानार्थ. मत्तयाच्या सहाव्या अध्यायातला हा उतारा कॅथलिक उपासनेत दरवर्षी राखेच्या बुधवारी, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्याच दिवशी वाचला जातो. सुदैवाने त्या दिवशी सर्वांचे लक्ष कपाळावरच्या राखेकडे असते.

भाषण थोडक्यात करण्याची टूम अलीकडे निघाली आहे. तिला बळी पडू नये. गरिबांना वेळ असतो. भाषणात कष्ट, शिक्षण आणि काटकसर यांचे महत्त्व सांगावे, विशेषतः काटकसरीचे, कारण त्या विषयावर श्रोत्यांचा अनुभव वक्त्यापेक्षा दांडगा असल्यामुळे ते माना डोलावतात. याकोबाने दुसऱ्या अध्यायात अशा वक्त्याचा उल्लेख केला आहे, जो उघड्या आणि उपाशी भावाबहिणींना काहीच न देता ‘सुखाने जा, ऊब घ्या, तृप्त व्हा’ असे म्हणतो. आपण त्याच्या एक पाऊल पुढे आहोत. आपण ऊब देतो आणि मगच म्हणतो. त्याच अध्यायात सोन्याची अंगठी घातलेल्या माणसाला चांगली जागा आणि गरिबाला ‘तू तिथे उभा राहा’ असे सांगण्याची जी गोष्ट आहे, ती मात्र निव्वळ बैठकव्यवस्थेची असल्याने मंडपवाल्याकडे सोपवावी.

जेवणाविषयी फार सांगण्यासारखे नाही. गरिबांची पंगत वेगळी बसवावी आणि आधी उरकावी. लूकच्या चौदाव्या अध्यायात येशूने मेजवानीला मित्र, नातेवाईक आणि श्रीमंत शेजारी यांना न बोलावता गरीब, लंगडे, आंधळे यांना बोलवावे, कारण त्यांना परतफेड करता येत नाही, असे सांगितले आहे. आपण दोन्ही वर्गांना बोलावतो. फक्त वेळा निराळ्या ठेवतो. पौलाने करिंथच्या मंडळीला प्रभुभोजनावरून खडसावले, कारण तिथे एक जण उपाशी राही आणि दुसरा पिऊन तर्र होई. दोघे एकाच वेळी एकाच ठिकाणी दिसले नसते, तर पौलाला ते पत्र लिहावे लागले नसते.

खरी अडचण पंचांगाची आहे. चर्चच्या दिनदर्शिकेत सण ठरवणाऱ्यांनी आपला विचार न करता अशा अशा संतांना स्थान देऊन ठेवले आहे की त्यांचा सण साजरा करताना त्यांचे चरित्र वाचू न देणे हेच समितीचे मुख्य काम होऊन बसते. १० ऑगस्टचे संत लॉरेन्स घ्या. ते रोमच्या चर्चचे उपसेवक होते आणि गरिबांचे दान त्यांच्या हाती असे. सन २५८ मध्ये सम्राट व्हॅलेरियनच्या छळात रोमच्या अधिकाऱ्याने त्यांच्याकडे चर्चची संपत्ती मागितली, तेव्हा त्यांनी मुदत मागून घेतली, होते नव्हते ते वाटून टाकले आणि मुदत संपताच गरिबांना, लंगड्यांना, आंधळ्यांना समोर उभे करून ‘हीच चर्चची संपत्ती’ असे सांगितले, अशी परंपरा आहे. त्यांच्या सणाला आपण मूर्तीवर सोन्याचा मुलामा चढवतो. ६ डिसेंबरचे संत निकोलस त्याहून घातक. तीन मुलींच्या लग्नासाठी त्यांनी रात्रीच्या अंधारात खिडकीतून सोने टाकले आणि तिसऱ्या वेळी मुलींच्या बापाने पकडल्यावर ‘मी जिवंत असेपर्यंत कोणाला सांगू नकोस’ अशी गळ घातली, असे म्हणतात. असा माणूस आपल्या समितीत असता तर अहवालात काय छापले असते?

दुसऱ्याच दिवशी, ७ डिसेंबरला संत अँब्रोझ येतात. ३७८ साली एड्रियानोपलच्या लढाईत रोमन सैन्याचा पराभव झाला, त्यानंतर बंदिवान झालेल्यांची सुटका करण्यासाठी त्यांनी चर्चची सोन्याची पात्रे वितळवली आणि टीका झाल्यावर उलट उत्तर दिले की चर्चजवळ सोने आहे ते साठवण्यासाठी नव्हे. संत जॉन क्रिसोस्टम तर अंत्युखियात उघडच विचारत असत की वेदीवर सोन्याचा प्याला ठेवून दारातल्या ख्रिस्ताला पेलाभर पाणी नाकारण्यात काय अर्थ आहे. चर्चमध्ये रेशमी वस्त्रांनी त्याचा मान करायचा आणि बाहेर त्याला थंडीत उघडा सोडायचा, हे कसे? पुढे त्यांना कॉन्स्टॅन्टिनोपलचे बिशपपद मिळाले आणि त्यानंतर हद्दपारी. ४०७ मध्ये ते हद्दपारीतच वारले. अशा वक्त्यांना बोलावण्यापूर्वी कोणत्याही समितीने दोनदा विचार करावा, हा धडा त्यातून घेता येतो.

ही सर्व संतमंडळी अंगावर आली तर एक रामबाण वाक्य हाताशी ठेवावे: ‘गरीब नेहमी तुमच्याजवळ आहेत.’ येशूचेच शब्द असल्यामुळे समोरचा गप्प बसतो. मात्र येथेच थांबावे. मार्कने त्यापुढे लगेच लिहिले आहे की, तुमची इच्छा होईल तेव्हा तुम्हाला त्यांचे बरे करता येते. आणि जुन्या करारातील ‘अनुवाद’ नावाच्या ग्रंथाच्या पंधराव्या अध्यायात, जिथून हा विचार आला, तिथे ‘देशात गरीब कधी नाहीसे होणार नाहीत’ याच्या पाठोपाठ ‘म्हणून’ हा शब्द येतो आणि हात सैल सोडण्याची आज्ञा येते. ‘म्हणून’च्या अलीकडे थांबणे हेच शास्त्राभ्यासाचे मर्म होय. येशूने ते शब्द काढले त्याच प्रसंगी, त्याला लावलेले सुगंधी तेल विकून पैसे गरिबांना का दिले नाहीत, असा कळवळा योहानाच्या वृत्तान्तात यहूदा इस्कर्योताने व्यक्त केला होता, आणि थैली त्याच्याचकडे असे. आपल्या खजिनदारांना ही गोष्ट सांगू नये. ते विनाकारण मनाला लावून घेतील.

पोप फ्रान्सिस यांनी २०१६ मध्ये ‘गरिबांचा जागतिक दिन’ जाहीर केला आणि १९ नोव्हेंबर २०१७ रोजी तो प्रथम पाळला गेला. त्या पहिल्या वर्षीचे ब्रीद ‘शब्दांनी नव्हे, तर कृतीने प्रेम करू या’ असे होते. हे शब्द मोठ्या अक्षरांत फलकावर फार छान दिसतात.

नाताळचा दुसरा दिवस, २६ डिसेंबर, हा संत स्तेफनचा सण. पहिल्या मंडळीत ‘दररोजच्या वाटणीत’ ग्रीक भाषिक विधवांकडे दुर्लक्ष होते अशी तक्रार आली, तेव्हा त्या कामासाठी निवडलेल्या सात जणांत स्तेफनचे नाव पहिले होते, असे प्रेषितांच्या कृत्यांत आहे. तेथील ‘दररोजच्या’ हा शब्द वाचताना थोडा खोकला काढावा. तसेही त्या दिवशी आपण थकलेले असतो, मंडप उतरवायचा असतो, आणि कालच्या रांगेतले कोणी आज पुन्हा दारात आलेच, तर पुढच्या सणाची तारीख सांगून त्यास परत पाठवावे.

शेवटचे काम दानपेटीचे. ती ठेवताना समोर बाक किंवा खुर्ची राहणार नाही याची काळजी घ्यावी, कारण यरुशलेमच्या मंदिरात येशू भांडाराच्या समोर बसून कोण किती टाकतो ते पाहत होता आणि त्यामुळे मोठ्या देणगीदारांची तुलना नको त्या व्यक्तीशी, दोन लहान नाणी टाकणाऱ्या एका गरीब विधवेशी, झाली. सणाच्या रात्री पेटी उघडून आधी नोटा लावून घ्याव्यात, मग पाकिटे. नावे असलेली पाकिटे वेगळी, म्हणजे आभारपत्रे लवकर जातात. अगदी तळाशी दोन लहान नाणी निघतील. ब्लँकेट घेऊन परत जाताना त्या आजीबाई पेटीपाशी क्षणभर थांबल्या होत्या, असे झाडलोट करणाऱ्या बाई सांगतील. तो विषय वाढवू नये. हिशेब पूर्णांकात ठेवावा, वही नीटनेटकी दिसते.