गाणी आयती मिळाली, तरी म्युझिकल आयतं मिळत नाही

गाजलेला चित्रपट रंगमंचावर आणावा का, हा वाद मराठी नाट्यवर्तुळात निघाला की दोन बाजू ठरलेल्या असतात. एक म्हणते, लेखकांना नवं सुचेनासं झालंय, म्हणून पडद्यावरचं उष्टं वाढताहेत. दुसरी म्हणते, घरबसल्या सगळं पाहणाऱ्या प्रेक्षकाला नाट्यगृहापर्यंत आणायचं तर जाहिरातीत ओळखीचं नाव लागतंच. लंडनमधून हे वाचताना वाटतं, की भांडण चुकीच्या मुद्द्यावर चाललंय. इथल्या वेस्ट एंडच्या आणि तिकडे न्यूयॉर्कमधल्या ब्रॉडवेच्या व्यावसायिक नाट्यगृहांत चित्रपटांवरून केलेली म्युझिकल्स, म्हणजे गाण्या-नाचांतून गोष्ट सांगणारी नाटकं, कायम चालू असतात, आणि मूळ चित्रपट किती गाजला होता याचा त्यांच्या यशाशी फारसा संबंध दिसत नाही. ‘किंग काँग’ हे नाव माहीत नसलेला माणूस सापडणं कठीण. २०१८ मध्ये ब्रॉडवेवरच्या म्युझिकलमध्ये त्याची सुमारे वीस फुटी बाहुली नाचवली, तरी वर्ष पुरं व्हायच्या आत ते बंद झालं. ‘द बँड्स व्हिजिट’ हा २००७ चा छोटासा इस्रायली चित्रपट. चुकीच्या गावात उतरलेलं एक वाद्यवृंद पथक, एक रात्र, आणि फारसं काही घडत नाही. त्याच्या म्युझिकलला २०१८ मध्ये दहा टोनी, म्हणजे ब्रॉडवेचे सर्वांत मानाचे पुरस्कार मिळाले.

असं का होतं, ते ‘बिली इलियट’च्या एका प्रसंगातून नीट कळतं. खाणकामगाराचा मुलगा बॅले शिकायला निघतो. प्रवेशाच्या मुलाखतीत त्याला विचारतात, नाचताना तुला काय वाटतं? २००० सालच्या चित्रपटात तो अडखळत चार-पाच वाक्यं बोलतो आणि शेवटी म्हणतो, अंगातून वीज सळसळल्यासारखं वाटतं. तिथे कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर असतो, म्हणून तेवढं पुरतं. नाट्यगृहात बाविसाव्या रांगेतल्या माणसाला तो चेहरा बोटाच्या पेराएवढा दिसतो. म्हणून २००५ च्या नाट्यरूपात नेमकं तिथेच गाणं आहे आणि शब्द संपले की त्यातूनच नाच सुरू होतो. गाणं तिथे क्लोज-अपचं काम करतं. चित्रपट रंगमंचावर जाईल का, हे ठरवायला मला यापेक्षा चांगली कसोटी माहीत नाही. पात्राला काहीतरी सांगायचंय, बोलून सांगता येत नाही आणि कॅमेरा ते चेहऱ्यावरून वाचतो, अशा जागा संहितेत शोधायच्या. बारा-पंधरा सापडल्या तर पुढे जावं. दोन-तीनच सापडल्या तर साधं गद्य नाटक करावं, ते बरं.

आता आपली खरी अडचण. आपल्या चित्रपटांत गाणी आधीच असतात, म्हणून काम सोपं वाटतं, आणि घात तिथेच होतो. आपलं चित्रपटगीत मुखडा, अंतरा, पुन्हा मुखडा अशा बांधणीचं असतं, म्हणजे जिथून निघालं तिथेच परत येतं. पडद्यावर ते चालतं, कारण त्या पाच मिनिटांत संकलक ऋतू बदलतो, गावं बदलतो, प्रेम जमवूनही टाकतो. रंगमंचावर गाणाऱ्याच्या पायाखाली तीच फळी असते. पहिल्या ओळीला पात्राची जी मनःस्थिती होती तीच शेवटच्या ओळीला असेल, तर पाच मिनिटं नाटक थांबलेलं असतं. संगीत नाटकाने हे थांबणं मान्य केलं होतं. वन्स मोअर घेणारा प्रेक्षक पदासाठीच आलेला असायचा. आज तोच ठोकताळा लावला तर अडीच तासांचा प्रयोग साडेतीनवर जातो आणि गोष्ट अर्धीच सांगून होते. चित्रपटाची संहिता जशीच्या तशी घेऊन वर गाणी चढवता येत नाहीत. गाणी जवळजवळ निम्मा वेळ खातात, त्यामुळे संवाद निम्म्यावर आणावे लागतात, आणि हे कापण्याचं धैर्य फार थोड्यांकडे असतं.

अपवादही आपल्याच घरचा आहे. फिरोज अब्बास खान यांनी २०१६ मध्ये ‘मुघल-ए-आझम’ रंगमंचावर आणलं, ते परदेशातही फिरलं. त्यातलं ‘प्यार किया तो डरना क्या’ मुखडा-अंतऱ्याचंच आहे, तरी ते नाटक पुढे रेटतं. गाण्याआधी प्रेम चोरटं असतं, गाण्यानंतर ते भर दरबारात बादशहाच्या तोंडावर सांगून झालेलं असतं. ते गाणं काढलं तर पुढचा अंकच उभा राहत नाही. शिवाय अनारकलीचं काम करणाऱ्या नट्या स्वतः गात होत्या. आपली गायिका प्रियंका बर्वे त्यांतली एक. आणि मुळात ही गोष्ट इम्तियाज अली ताज यांच्या १९२२ च्या नाटकातून आलेली, त्यामुळे चित्रपटातही लांब दरबारी प्रवेश आणि समोरासमोरचे संवाद होते. ‘दिलवाले दुल्हनिया’वरून इंग्रजीत केलेल्या म्युझिकलने उलटी वाट धरली. गाणी नवी लिहिली आणि नायक गोरा केला. २०२२ मध्ये अमेरिकेत सॅन दिएगोला त्यावरून मोठा वाद झाला. गाणी बदलणं मला योग्यच वाटतं. नायक बदलणं नाही, कारण परदेशात वाढलेला मुलगा आपल्याच माणसांकडून होकार मिळवू पाहतो, हा त्या गोष्टीचा कणा आहे.

दुसरी चूक दृश्यांची. चित्रपटातलं भव्य दृश्य जसंच्या तसं उभं करायला गेलं की पैसे जातात आणि ते खोटंही दिसतं. ‘लायन किंग’च्या दिग्दर्शिका जुली टेमर यांनी १९९७ मध्ये धावणारा कळप कसा दाखवला, ते पाहण्यासारखं आहे. मागे फिरत्या रुळांवर लहान लहान जनावरं, त्यांच्या पुढे थोडी मोठी, आणि सगळ्यात पुढे मोठे मुखवटे घेतलेले नर्तक. लहानाकडून मोठ्याकडे जाताना कळप अंगावर आल्याचा भास होतो. दुष्काळ दाखवायला जमिनीवर निळ्या रेशमाचं तळं असतं. त्याचं कापड मधल्या भोकातून हळूहळू खाली ओढतात आणि तळं आटतं. याला यंत्र लागत नाही, खाली एक माणूस पुरतो. याउलट ‘कॅरी’ या भयपटाचं म्युझिकल. चित्रपटाची ओळख असलेला प्रसंग म्हणजे नायिकेवर ओतलेली रक्ताची बादली. १९८८ मध्ये इंग्लंडमधल्या स्ट्रॅटफर्डला ती नीट ओतताच येईना, कारण द्रव लागला की तिचा माइक बंद पडायचा. ब्रॉडवेवर त्याचे रीतसर प्रयोग झाले पाच.

माइकचा विषय निघालाच आहे तर सांगायला हवं, की आपल्याकडे सगळ्यात कमी विचार ध्वनीचा होतो. गाणाऱ्या प्रत्येक नटाला वेगळा माइक लागतो, तोही कपाळावर केसांच्या रेषेत, छातीवर नाही. छातीवरच्या माइकला कपडे घासतात आणि मान वळली की आवाज पडतो. सगळे माइक एकदम उघडे ठेवले आणि दोन नट मिठीत आले, की एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये किंचित उशिरा पोचतो आणि बोलणं डब्यातून आल्यासारखं पोकळ होतं. म्हणून इथला ध्वनिचालक संहिता समोर ठेवून वाक्यावाक्याला ज्याचं त्याचं बटण वर-खाली करतो. तो तालमीला पहिल्यापासून हवा, प्रयोगाच्या दिवशी भाड्याच्या स्पीकरबरोबर आलेला नको.

इथलं सगळं आपल्याकडे चालेल असं मात्र नाही. इथे एकाच नाट्यगृहात वर्षानुवर्षं आठवड्याला आठ प्रयोग होतात, म्हणून जमिनीत फिरता रंगमंच गाडणं परवडतं. आपलं नाटक ट्रकमधून फिरतं. दुपारचा प्रयोग एका नाट्यगृहात, रात्रीचा दुसऱ्यात, आणि नेपथ्य मधल्या वेळात लावायचं. त्या गणितात सरकते जिने आणि एलईडी पडदे पहिल्याच दौऱ्यात मार खातात. पण आपल्याकडे दोन नट्यांनी तुकारामांची आवली आणि विठोबाची रखुमाई यांच्यावरचं अख्खं ‘देवबाभळी’ गात गात उभं केलं आणि त्यातलं गाणं गोष्ट अडवत नाही. चित्रपटावरून म्युझिकल करणाऱ्याने मापाला ते नाटक घ्यावं.

आणि इथून उचलायचीच तर एक पद्धत उचलावी. नेपथ्याला हात लावण्याआधी इथे नुसत्या पियानोवर वाचन करतात, मग दुरुस्ती, मग पुन्हा वाचन. आपल्याकडे पेटी, तबला आणि आठ खुर्च्या पुरतील. चित्रपट न पाहिलेली पंधरा-वीस माणसं बोलवावीत, पहिला अंक वाचून-गाऊन दाखवावा, आणि एकाने फक्त समोरच्यांकडे पाहत बसावं. चुळबुळ सुरू झाली की संहितेत त्या ओळीवर खूण करावी. बऱ्याच खुणा दुसऱ्या अंतऱ्यावर पडतात.