दोन काचांमधला ओघळ

ओव्हन विकणाऱ्याने कन्व्हेक्शनपासून ग्रिलपर्यंत सगळं समजावलं होतं. दाराला एकामागे एक काचा असतात आणि त्यांच्या मधे तूप शिरतं, एवढंच सांगायचं राहिलं. दाराच्या कडेला हवा खेळायला फटी ठेवलेल्या असतात. तिथून नानकटाईचं तूप रीतसर आत उतरतं आणि पुढच्या भाजणीला पक्कं होतं.

मी बाहेरून पुसलं. ‘‘आतून आहे,’’ बायको म्हणाली. आतून पुसलं. ‘‘बाहेरून आहे,’’ आई म्हणाली. शेवटी दार काढायचं ठरलं.

माहितीपुस्तिकेत हे काम चार चित्रांत उरकलं आहे. दार पूर्ण उघडा, दोन्ही बिजागऱ्यांवरचे खटके उलटवा, दार अर्धवट मिटवा, वर उचलून ओढा. चित्रातल्या माणसाला चेहराच नाही, त्यामुळे घामही नाही. आमचे खटके चिकटून बसलेले. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने हलवले, तेही जपून, कारण खटका नीट बसला नसेल तर बिजागरीची स्प्रिंग फाडकन मिटते आणि मधे बोट आहे की नाही हे बघत नाही.

आमचा ओव्हन उंच कपाटात, छातीच्या उंचीवर. ‘‘वाकायला नको,’’ असं दुकानात कौतुकाने सांगितलं होतं. खरंय. वाकायची सोय असती तर दार मांडीवर तरी घेता आलं असतं. ते तान्ह्या बाळासारखं छातीशी धरून मी घरभर फिरलो. पलंगावर गोधडी होती.

‘‘तिच्यावर नको! माझ्या आईच्या नऊवारीची आहे ती,’’ आई.

सतरंजी आली. वरच्या पट्टीच्या दोन्ही बाजू दाबल्या, पट्टी निघाली, आतली काच सरकली. मधे ओघळ होताच, शिवाय एक मुंगी, कडक भाजलेली. खायच्या सोड्याचा लेप लावला. तेवढ्यात आई तारेची घासणी घेऊन आली आणि मी ओरडलोच. या काचेवर ओरखडा पडला, तर पुढे कधीतरी तापल्यावर तिचा चुरा होऊ शकतो. ‘‘मग असली काच बसवावी कशाला?’’ हा प्रश्न बिनतोड होता.

काढणं सोपं म्हणावं असं बसवणं. दोन्ही बिजागऱ्या एकाच वेळी खाचेत जायला हव्यात. डावी गेली की उजवी बाहेर येते.

‘‘जरा डावीकडे,’’ बायको टॉर्च धरून म्हणाली. ‘‘माझ्या नाही, तुझ्या.’’

‘‘सुताराला बोलवा,’’ मागून आई.

कधीतरी खट्ट झालं. खटके परत पाडले, दार मिटलं, एमसीबी चालू केला, आतला दिवा लावला. काच अशी लख्ख, की आतल्या भिंतींवरचा काळा राप, जाळीला चिकटलेलं चीज आणि तळाशी पडलेली अर्धी नानकटाई, सगळं दिवाणखान्यातून दिसायला लागलं.

आईने चष्मा पुसून नीट पाहिलं.

‘‘आधी बरं होतं रे. आतलं दिसत तरी नव्हतं.’’