10 पैकी 9 जण बुडतात, हे वाचूनही

ऑप्शन ट्रेडिंगचं ॲप उघडलं की आधी एक चौकट समोर येते. इक्विटी एफ अँड ओमध्ये, म्हणजे शेअर आणि निर्देशांकांच्या पुढच्या भावावर लावलेल्या फ्युचर्स आणि ऑप्शनच्या सौद्यांत, 10 पैकी 9 वैयक्तिक ट्रेडर्सना तोटा होतो, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं असतं. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने जुलै 2023 पासून ती सक्तीची केली. हेतू चांगला होता. पण ती चौकट वाचून ॲप बंद करून चहा प्यायला गेला, असा माणूस मला अजून भेटलेला नाही.

मी तालुक्याच्या गावात आयकर रिटर्न भरून देतो. पूर्वी जुलैत माझ्याकडे शिक्षक, दुकानदार, निवृत्त लोक यायचे. आता पंचविशीतली पोरं येतात, आयटीआर-3 भरायला. एफ अँड ओचं उत्पन्न कायद्याने धंद्याचं उत्पन्न, म्हणून तो फॉर्म. पगार महिना वीस-बावीस हजार आणि उलाढालीचा आकडा साखर कारखान्याला लाजवेल असा. शेवटी तोटा. आणि तोंडी एकच वाक्य: "काका, घातलेले तेवढे निघाले की अकाउंटच बंद करतो."

गावात यांना हावरट म्हणतात. मला ते पटत नाही. हावरट माणूस हिशोबाला पक्का असतो, आणि या पोरांना स्वतःचा वर्षाचा एकूण तोटा माझ्या टेबलावर पहिल्यांदा कळतो. मला वाटतं, गोची दुसरीकडे आहे. आपला मेंदू पैसे मिळाल्यावर जेवढा चेकाळतो, त्याहून जास्त ते 'मिळतील' म्हणून वाट बघताना चेकाळतो.

हे माझं तत्त्वज्ञान नाही. वोल्फ्राम शुल्त्झ नावाच्या शास्त्रज्ञाने माकडांच्या मेंदूतल्या डोपामिन (ओढ लावणारं रसायन) सोडणाऱ्या पेशी वर्षानुवर्षं तपासल्या. माकडाला अचानक फळाच्या रसाचा थेंब दिला की पेशी जोरात पेटायच्या. मग रसाआधी एक खूण दाखवायला सुरुवात केली. माकडाला खुणेची सवय झाली, तशा पेशी खुणेलाच पेटू लागल्या आणि प्रत्यक्ष रस आला तेव्हा गप्प! खूण दाखवून रस दिलाच नाही, तर रस यायच्या नेमक्या वेळेला त्या नेहमीपेक्षाही मंदावायच्या. म्हणजे त्या पेशी सुख मोजत नव्हत्या, अपेक्षा आणि हाती आलेलं यातला फरक मोजत होत्या. या कामासाठी शुल्त्झना 2017 मध्ये पीटर डायन आणि रे डोलन यांच्यासोबत ब्रेन प्राइझ मिळालं.

पुढचा शोध मात्र एक्सपायरीच्या, म्हणजे ऑप्शनची मुदत संपते त्या दिवशी ट्रेड करणाऱ्या प्रत्येकाला कुणीतरी वाचून दाखवायला हवा. 2003 मध्ये शुल्त्झ आणि सहकाऱ्यांनी रस मिळण्याची शक्यता कमी-जास्त करून पाहिली. नक्की मिळणार किंवा नक्की नाही, असं असलं की खूण दिसल्यापासून निकाल लागेपर्यंतच्या मधल्या वेळात पेशी शांत. शक्यता निम्मी-निम्मी असली, की त्या मधल्या वेळात त्यांची हालचाल हळूहळू चढत जायची. सगळ्यात जास्त अनिश्चितता, तिथे सगळ्यात जास्त चढण.

आता एक्सपायरीची दुपार आठवा. अडीच वाजलेत. चार-पाच रुपयांना पडलेला एक कॉल, म्हणजे बाजार चढेल यावर लावलेला ऑप्शन आहे, साडेतीनला तो शून्य होईल किंवा पन्नास. याला पोरं 'झिरो टू हिरो' म्हणतात. टेलिग्रामच्या ग्रुपवर कुणीतरी स्ट्राइक, म्हणजे कोणत्या भावाचा ऑप्शन घ्यायचा ते सांगतो, हा दोन-चार लॉट (ठरावीक संख्येचे गठ्ठे) उचलतो आणि पुढचा तासभर त्याला ना भूक लागते ना फोन ऐकू येतो. त्या तासासाठी तो पैसे मोजतो, असं माझं स्पष्ट मत आहे. नफा झाला तर बोनस.

स्टॅनफर्डच्या कॅमेलिया कुनेन आणि ब्रायन नटसन यांनी 2005 मध्ये माणसांना स्कॅनरमध्ये झोपवून शेअर आणि बाँड यातून निवड करायला लावली. न्यूक्लियस ॲकम्बन्स नावाचा मेंदूतला छोटा भाग जास्त जागा झाला, की माणूस पुढच्या निवडीत जोखीम घ्यायचा, हिशोबाने घेऊ नये तेव्हासुद्धा. इन्शुला नावाचा भाग जागा झाला, की घाबरून सुरक्षित पर्याय धरायचा, हिशोबाने धरू नये तेव्हासुद्धा. चुका दोन्हीकडे. मार्च 2020 मध्ये सेन्सेक्स 26 हजारांखाली आला, तेव्हा चांगली एसआयपी बंद करून एफडीकडे पळालेले लोक आठवतात? तो दुसऱ्या बाजूचा मामला. पण घाबरून एफडी केलेल्या माणसाचं घर विकलं जात नाही, म्हणून मला पहिल्या बाजूची काळजी जास्त.

ज्यांना हे अजूनही 'संस्कार कमी पडले' वाटतं, त्यांच्यासाठी आणखी एक गोष्ट. पार्किन्सन्समध्ये डोपामिनचं काम करणारी काही औषधं देतात. आयुष्यभर पत्त्याला हात न लावलेल्या काही रुग्णांना या औषधांवर जुगाराचं अनावर वेड लागतं आणि औषध कमी केलं किंवा बंद केलं की बहुतेकदा ते ओसरतं. डॉक्टरांना हा दुष्परिणाम चांगला माहीत आहे. संस्कार तेच, माणूस तोच.

झाली वाट बघण्याची गोष्ट. तोटा झाल्यावर काय होतं, ते माझ्या टेबलावर रोज दिसतं आणि ते 1979 मध्येच डॅनियल कानमन आणि अमोस ट्वर्स्की यांनी कागदावर मांडलं होतं. त्यांनी लोकांना विचारलं: 3,000 नक्की मिळणं हवं की 4,000 मिळण्याची 80 टक्के शक्यता? 80 टक्के लोकांनी नक्कीचे 3,000 घेतले. मग उलटं विचारलं: 3,000 नक्की जाणं हवं की 4,000 जाण्याची 80 टक्के शक्यता? आता 92 टक्के लोक जुगाराला तयार झाले, जरी सरासरीने त्यात 3,200 जातात. नफ्यात सावध असणारा माणूस तोट्यात बेफाम होतो, कारण नक्कीचा तोटा त्याला गिळवत नाही. स्टॉप लॉस (ठरावीक तोट्यावर आपोआप बाहेर पडण्याची ऑर्डर) काढून टाकणं, पडत्या सौद्यात आणखी पैसे घालून ॲव्हरेज करणं, मग मित्राकडून उसने, मग पर्सनल लोन, हे सगळं याच्या पोटातून येतं. "घातलेले तेवढे निघाले की" हेही.

आयकर कायद्यात धंद्याचा तोटा 8 वर्षं पुढे ओढता येतो. रिटर्न वेळेत भरलं की झालं. पोरांना हे सांगितलं की त्यांचे चेहरे खुलतात, जणू तोटा सरकारने जपून ठेवलाय आणि एक दिवस परत देणार आहे. मला तो रकाना भरताना कधीकधी कसंतरी होतं.

सेबीने 2024 मध्ये आकडे बाहेर काढले. 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत एक कोटीहून जास्त वैयक्तिक ट्रेडर्सपैकी 93 टक्के तोट्यात, एकूण तोटा 1.8 लाख कोटींच्या वर. ओळीने दोन वर्षं तोटा खाऊनही पाऊण भागाहून जास्त लोक खेळत राहिले. या ट्रेडर्समध्ये तिशीच्या आतले 2023-24 मध्ये 43 टक्के. ट्रेडर्सच्या संख्येत राज्यांत महाराष्ट्र पहिला, याचा अभिमान कसा बाळगायचा ते सांगा.

आमच्या आधीच्या पिढीने मटका बघितला. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या ओपन आणि क्लोजच्या भावावर मुंबईत लागलेला तो आकडा. त्यात निदान ओपन आणि क्लोज यांच्यामध्ये माणूस गिरणीत जाऊन पाळी भरून यायचा. इथे भाव सेकंदासेकंदाला हलतो आणि फोन खिशात.

आता येणारा प्रश्न मला ठाऊक आहे: सगळं मेंदूवर ढकललं तर जबाबदारी कुणाची? जबाबदारी त्या पोराचीच, कर्ज तोच फेडणार आहे. पण दारूचं दुकान शाळेच्या फाटकाला खेटून का नको, हे आपल्याला कळतं ना? टक्केवारीचा इशारा मेंदूला थंड डोक्याने समजतो, मात्र निर्णय घेतला जातो तेव्हा डोकं थंड नसतं. म्हणून इशारे वाढवण्यापेक्षा वाट बघण्याचे प्रसंग कमी करा.

ते थोडंफार झालंही. नोव्हेंबर 2024 पासून सेबीने प्रत्येक एक्स्चेंजला आठवड्याला एकाच निर्देशांकाची एक्सपायरी ठेवायला सांगितली, बँक निफ्टीची (बँकांच्या शेअरच्या निर्देशांकाची) साप्ताहिक एक्सपायरी गेली, कॉन्ट्रॅक्टचा, म्हणजे एका सौद्याचा किमान आकारही वाढवला. त्यानंतरच्या महिन्यांत वैयक्तिक ट्रेडर्सची संख्या आधीच्या वर्षापेक्षा सुमारे 20 टक्क्यांनी घटली. श्रेय एकट्या एक्सपायरीचं नाही, मोठा कॉन्ट्रॅक्ट अनेकांना परवडेनासा झाला हेही खरं. पण चौकटीने दीड वर्षात जे केलं नाही, ते दिवस कमी केल्याने काही महिन्यांत दिसू लागलं. तरी 2024-25 मध्ये 91 टक्के तोट्यातच. माझं म्हणणं, साप्ताहिक एक्सपायरी पूर्ण बंद करा, महिन्याची ठेवा. ज्याला खरोखर हेज करायचंय, म्हणजे हातातल्या शेअरच्या पडझडीपासून संरक्षण घ्यायचंय, त्याचं त्यात भागतं.

घरच्यांनाही एक सांगतो. पोराला आकडे ऐकवत बसू नका, ते त्याला तुमच्याहून जास्त पाठ आहेत. सकाळी बाजार उघडायच्या आत, डोकं ठिकाणावर असताना, त्याला शेजारी बसवून ट्रेडिंग अकाउंटमधला एफ अँड ओ सेगमेंट बंद करायला लावा. शेअर आणि म्युच्युअल फंड राहू द्या.

ज्यांना पटलं नाही त्यांनी कमेंटमध्ये जरूर भांडावं. फक्त एका दिवसाच्या नफ्याचे स्क्रीनशॉट टाकू नका, ते सगळ्यांकडे असतात. तीन वर्षांचे आयटीआर-3 टाका, मग बोलू.