मुका खांब

सोलापूरच्या माणसाला विणलेल्या वस्तूची किंमत सांगू नये. तो ती वस्तू हातात घेतो, उलटी करतो, कड चिमटीत धरून चुरगाळून बघतो आणि मग निम्मी किंमत सांगतो. यात त्याचा काही दोष नसतो. त्यामुळे पुण्याहून लेकीनं एका जाळीदार पिशवीचा फोटो पाठवला आणि फोन करून विचारलं, "पप्पा, मेमध्ये गणपतीपुळ्याला जाताना ही घेऊ का? क्रोशाची आहे. खास बीचवर न्यायची. अठराशे," तेव्हा मी जे बोललो ते मी बोललोच नाही. माझ्या तोंडून सोलापूर बोललं.

"अठराशे? जाळीला? अगं, यात सूत कमी आणि भोकं जास्त आहेत. भोकांचे पैसे कसले?"

"हातानं विणलेली आहे हो पप्पा."

"मग मी विणतो."

जानेवारी होता, गड्ड्याची यात्रा भरली होती, हवा बरी होती. अशा हवेत माणूस काहीही बोलून जातो.

या आत्मविश्वासाला घराण्याचा आधार होता. आमचे आजोबा जुन्या गिरणीत होते. ही गिरणी 1877 सालची, सोलापुरातली पहिली. तिच्या भोंग्यावर गावाची घड्याळं लागायची म्हणे. आजोबा तिथं नेमके काय होते यावर मात्र घरात एकमत नाही. वडील म्हणायचे साच्यावर, आत्या म्हणायची गेटवर. मी सोयीनं साच्यावर धरतो. स्वतः मी पस्तीस वर्षं एका बँकेत कॅशियर होतो आणि गेल्या वर्षी निवृत्त झालो. यंत्रं यायच्या आधी बोटांनी नोटा मोजलेला माणूस. टाके मोजणं म्हणजे काय मोठं?

पहिला भरवसा हिच्यावर होता. आमच्या लग्नात हिच्या रुखवतात क्रोशाचा एक गोल टेबलरुमाल होता. माझ्या आईनं तो सगळ्या गल्लीला दाखवला होता. "जरा शिकव," म्हणालो तर ही भाजी निवडत राहिली. मग म्हणाली, "तो मामेबहिणीनं केला होता." एकतीस वर्षं तो रुमाल आमच्या टीव्हीवर होता आणि एकतीस वर्षं ही गप्प होती. त्या रुमालाबरोबर ट्रंकेतून नमुन्यांचं एक पिवळं पडलेलं इंग्रजी पुस्तक निघालं, तेवढंच माहेरचं सहकार्य.

सूत आणायला पूर्व भागात गेलो. दुकानाच्या बोळकांडात दोन्ही बाजूंना कोन रचलेले आणि मध्ये मालक.

"काउंट किती?" त्यांनी विचारलं.

काउंटरचा माणूस मी, काउंटला घाबरतो होय? पिशवीला सूत जाड हवं, म्हणजे आकडा मोठा, असा हिशेब करून म्हणालो, "चाळीस द्या." त्यांनी दिला. घरी येऊन धागा ओढला तर तो दिसेना. चष्मा लावला तेव्हा दिसला, पण हातात घेतल्यावर परत दिसेना.

दुसऱ्या दिवशी मालकांनी शाळेतल्या पोराला समजवावं तसं समजावलं. 840 वारांची एक लडी. अशा जितक्या लड्या एका पौंडात बसतील तितका काउंट. म्हणजे चाळीस काउंटच्या पौंडभर सुतात 33,600 वार धागा असतो, आणि तो एवढा लांब व्हायचा तर बारीकच होणार. आकडा वाढला की धागा बारीक. बँकेत असा प्रकार नव्हता, तिथं आकडा वाढला की माणूस जाड व्हायचा. शेवटी दहा काउंटचे आठ धागे एकत्र करून घ्यायचं ठरलं. रंग लेकीला 'बेज' हवा होता. मी तो शब्द उच्चारला तेव्हा मालकांनी कानामागं हात नेला. मरून होता, तो घेतला. सोबत थोडा हिरवा. थोडक्यात, चादरीचे रंग.

शिकवायला शेवटी शेजारच्या अक्का उभ्या राहिल्या. अक्का सत्तरीच्या, घरात तेलुगू बोलतात, आमच्याशी मराठी आणि मांजराशी दोन्ही. त्यांच्या घरात चार माग होते. ते विकले त्याला बरीच वर्षं झाली, पण माग बंद झाल्यापासून शांततेनं झोप लागत नाही अशी त्यांची तक्रार अजून आहे. मी जिन्यात सुई घेऊन बसलेला त्यांना दिसलो.

"काय करालाव ओ अण्णा?"

"विणतोय."

त्यांनी माझ्या हातातलं प्रकरण बघितलं. "हे विणालाव का बांधालाव?"

तर क्रोशात सगळा कारभार टोकाला हूक असलेल्या एकाच सुईचा. साखळी म्हणजे एका फासातून दुसरा फास ओढायचा. मग मुका खांब, तो बुटका. मग खांब, तो उंच. त्याला आधी सुईवर धाग्याचा एक वेढा घ्यायचा. स्वेटर विणायला यंत्र आहे, चादरीला माग आहे, पण क्रोशा अजून माणसाच्या बोटांनीच करावा लागतो, हे अक्कांनी मला अभिमानानं सांगितलं. मला ती तेव्हाच धोक्याची सूचना वाटायला हवी होती.

"मागावर हजारो धागे, अण्णा. एक तुटला तरी बाकीचे सांभाळून घेतात. इथं एकट्याचा संसार."

एकट्याचा कसला, आठ जणांचा. चार मिलिमीटरची सुई आठ धाग्यांतले सहा उचलायची आणि दोन मागं राहायचे. ते दोन वर फुगून यायचे, एखाद्या लग्नात मानपान न मिळालेल्या पाहुण्यासारखे. ते ओढून घ्यावेत तर तिसराच आत जायचा. एका टाक्याला मी तीनदा आत शिरायचो. गुंडी दिवाणाखाली पळायची, येताना सोबत धूळ, एक जुनं बटण आणि एकदा तर पाण्याचं बिल घेऊन आली. अक्कांनी गुंडी पातेल्यात ठेवायला सांगितली. तेव्हापासून घरात दूध तापवायला पातेलं मिळेना आणि माझ्याबद्दल ही फोनवर माहेरी हळू आवाजात बोलू लागली.

पिशवीचा तळ गोल असतो. पहिल्या फेरीत सहा मुके खांब, मग बारा, मग अठरा, चोवीस. प्रत्येक फेरीत सहा वाढवले की गोल सपाट बसतो. सहाचा पाढा. मी पहिल्यांदा केलं ते सपाट बसेना, कडा वर वळायला लागल्या. टाके वाढवायचे राहून गेले की तसं होतं. "कुणाला दिवस गेलेत का?" हिनं विचारलं, "कुंची बरी झालीये." मग चिडून दुसऱ्या खेपेला हात मोकळा सोडला, तर टाके इतके वाढले की गोल तेलात सोडलेल्या पापडासारखा चहूबाजूंनी मुरडला. पस्तीस वर्षांत माझा कॅशचा हिशेब एकदाही दोन रुपयांच्या वर चुकला नव्हता. इथं बेचाळीस यायला हवेत तिथं एकदा एकोणचाळीस यायचे, परत मोजले की पंचेचाळीस. मध्ये कुणी "चहा घेणार का?" म्हणालं की परत एकपासून. म्हणून मी बोलणंच सोडलं. कुणी काही विचारलं तर फक्त एक बोट वर करायचो. ही पाहुण्यांना सांगायची, "ते ना, तो आमच्या घरातला मुका खांब."

तिसरा गोल जमला. अक्कांना दाखवायचा होता, पण त्या तेव्हा हैदराबादला मुलीकडं गेल्या होत्या, तीन महिन्यांसाठी. हे मुद्दाम सांगतोय, पुढं लागेल.

अक्का नाहीत म्हटल्यावर लेकीनं एक अमेरिकन व्हिडिओ पाठवला. उजव्या बाजूला मोबाइल, डाव्या बाजूला मामेबहिणीचं पुस्तक, असा मी दोन्ही गुरूंच्या मध्ये बसलो. आठ दिवस विणल्यावर लक्षात आलं की पिशवीची एक बाजू दुसरीपेक्षा चार बोटं उंच आहे. लेक फोनवर हसत होती. पुस्तक इंग्लंडचं होतं. अमेरिकेत ज्याला सिंगल म्हणतात त्याला इंग्लंडमध्ये डबल म्हणतात, आणि अमेरिकेचा डबल तो इंग्लंडचा ट्रेबल. म्हणजे आपला मुका खांब एका देशात सिंगल आणि दुसऱ्या देशात डबल. दोन देशांची भाषा एक, आणि एवढ्याशा टाक्यावर एकमत नाही. बँकेत मी कुणाला सिंगलच्या जागी डबल दिले असते तर चौकशी बसली असती.

उसवलं. त्या दोन महिन्यांत मी जेवढं विणलं त्यापेक्षा जास्त उसवलं.

एप्रिलात पारा बेचाळिसावर गेला. सोलापूरच्या उन्हाळ्यात दुपारी माणसानं हलूच नये. मी हलत नव्हतो, फक्त उजवं मनगट हलत होतं. घामानं सूत ओलं होऊन सुईला धरायचं, टाका सरकेना. तळहाताला पावडर लावून बसायचो, ती सुतात जायची. मरून रंगावर भस्म लावल्यासारखं दिसायचं. सकाळी संभाजी तलावावर फिरायला जाताना पिशवी बरोबर न्यायचो. बाकावर बसलं की तेवढ्याच दोन फेऱ्या. तिथं आमचा शाळेतला एक मित्र भेटला. लांबूनच थांबला.

"काय बे, हे काय?"

"बीच बॅग."

त्यानं तलावाकडं बघितलं. मग माझ्याकडं. "बीच कुठाय बे?"

"पावणेचारशे किलोमीटरवर."

तो काही बोलला नाही. संध्याकाळपर्यंत तीन जणांचे तब्येतीची चौकशी करणारे फोन आले.

वरचा भाग जाळीचा. पाच साखळ्यांची कमान, मग मुका खांब, परत पाच साखळ्या. हा भाग मला खरंच आवडला. यात सूत कमी लागतं, काम भराभर वाढतं, आणि चुकलं तरी जाळीच वाटते. (अठराशेचं रहस्य मला इथं उलगडलं.) जाळी कशासाठी, तर म्हणे ओल्या कपड्यांना हवा लागते आणि वाळू आपोआप गळून जाते. बंद एक, लांब, खांद्यावरून घ्यायचा. मेच्या पहिल्या आठवड्यात शेवटची गाठ मारली. पिशवी दाराच्या खिळ्याला अडकवली आणि खुर्चीत बसून तिच्याकडं पाऊण तास बघत राहिलो. ही पण शेजारी येऊन बसली. म्हणाली, "कांदे छान राहतील."

मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर, मग आंबा घाट. वाटेत कडक भाकरी आणि शेंगाचटणी. लेक आणि जावई पुण्याहून परस्पर आले होते. लेकीनं पिशवी बघितली, खांद्याला लावली, आरशासमोर गेली आणि म्हणाली, "पप्पा, भारी झालीये." मी खिडकीबाहेर बघत बसलो. समुद्राच्या हवेनं डोळ्यांत पाणी येतं.

दुपारी किनाऱ्यावर गेलो. पिशवीत हिनं दोन सोलापुरी टॉवेल, फणी, रूमची किल्ली आणि चिल्लर टाकली. वाळू जाळीतून आपोआप गळून जाते हे वचन पिशवीनं पाळलं. फक्त वाळूबरोबर तिनं फणी, किल्ली आणि चिल्लरही गाळली. पाच साखळ्यांच्या कमानीतून किल्ली किती आरामात जाते हे विणताना डोक्यात आलं नव्हतं. मग भरतीच्या आधी आम्ही चौघं गुडघ्यांवर बसून वाळू चाळत होतो. मी नाणी मोजत होतो. सत्तेचाळीसपैकी एकतीस रुपये सापडले. किल्ली एका नारळपाणीवाल्याच्या पायाला लागली.

खरा प्रकार परतताना झाला. भिजलेले दोन्ही टॉवेल पिशवीत घातले. आपला सोलापुरी टॉवेल, त्याला भौगोलिक मानांकन उगाच मिळालेलं नाही. पाणी प्यायला लागला की अर्धा समुद्र पितो. ती पिशवी लेकीनं खांद्याला लावली तेव्हा कमरेला होती. दहा पावलांवर गुडघ्याला आली. नारळपाण्याच्या गाडीपाशी घोट्याला, आणि रूमच्या पायरीपाशी ती वाळूत फरपटत होती आणि लेक तिला कुत्र्यासारखी ओढत होती. तुटली मात्र नाही. ओलं सूत कोरड्यापेक्षा बळकट असतं, हे मी जावयाला तिथल्या तिथं सांगितलं. जावई सभ्य आहे. "हो ना बाबा," म्हणाला, आणि त्यानं बंदाला मधोमध एक गाठ मारली.

परत आलो तेव्हा अक्काही हैदराबादहून आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी घेऊन गेलो. किल्लीचं सांगितलं नाही, भारी झालीये एवढंच सांगितलं. अक्कांनी पिशवी उलटी केली. बंद बघितला, जाळी बघितली, मग तळावर अंगठा फिरवत आत आत गेल्या आणि एके ठिकाणी थांबल्या.

"तिसऱ्या फेरीत एक कमी हाय ओ."

"अक्का, एक मुका खांब. कुणाला दिसतो?"

"मला दिसालाय."

मी काही म्हणायच्या आत त्यांनी कात्रीनं बंदाची शेवटची गाठ कापली, टोक धरलं आणि ओढलं. एकट्याचा संसार. बंद गेला, जाळीच्या कमानी एकेक करून फटाफट सुटत गेल्या, दोन्ही बाजू सारख्याच वेगानं गेल्या. मी गड्ड्यापासून मेपर्यंत जे केलं होतं ते चहा गार व्हायच्या आत अक्कांच्या मांडीवर होतं. सूत वळणावळणाचं झालं होतं, आणि सुटताना त्यातून बारीक वाळू झरत होती. गणपतीपुळ्याची वाळू, पूर्ण पिशवीभर हिंडून सोलापूरच्या फरशीवर.

अक्कांनी गुंडी केली, पातेल्यात ठेवली आणि पातेलं माझ्याकडं सरकवलं.

"सहा घाला."

दारात आमची ही उभी होती. तिनं फरशीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, पातेल्याकडं जरा जास्त वेळ बघितलं.

"ते आपलं आहे ना?" म्हणाली. "तीन महिने शोधतेय मी."