एकादशीची चुचाकी

४५ डॉलर. बटाट्याच्या तीन टिक्क्यांचे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं जरा हसत सांगता येईल.

रविवारी दुपारी न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये, रूझवेल्ट अव्हेन्यूवर ७ नंबरच्या गाडीच्या पुलाखाली, एका इक्वेडोरी खानावळीत आम्ही पाचजण बसलो होतो. नेमकी एकादशी. मी काही मोठा वारकरी नाही, पण आई फोनवर विचारते. म्हणून यापिंगाचो मागवला. कुस्करलेला बटाटा, पोटात चीज, वर दाण्याचा रस्सा. उपवासाचं पॅटिस आणि दाण्याची आमटीच की! (रश्शात कांदा असतो. तेवढं आई विचारत नाही.) ताट आलं ते तळलेलं अंडं आणि सॉसेज घेऊनच. दोन्ही मी आमच्या नाशिककराकडे सरकवलं.

शेजारच्या टेबलावरच्या आजींनी हे पाहिलं. चमचा ठेवला, मला काहीतरी विचारलं. नाशिककर तीन महिने मोबाइलवर स्पॅनिश शिकतोय. पोटावर हात फिरवत त्याने काय सांगितलं देव जाणे, पण आजी उठल्या, माझ्यापाशी आल्या, अंगठ्याने माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढून आत पाहिलं आणि निदान केलं, "चुचाकी!"

स्वयंपाकघरापर्यंत हशा. चुचाकी म्हणजे रात्रीची न उतरलेली. एकादशीला! मला!

त्यावर तिकडचा उतारा म्हणजे एनसेबोयादो, ट्यूना आणि युकाचं सूप, वर कांदा-लिंबू. आजींनी स्वतःचा वाडगाच पुढे केला.

"घे रे," नाशिककर म्हणाला, "युका म्हणजे साबुदाण्याचाच कंद. उपवासाला चालतो."

"आणि मासा?"

"तो बाजूला काढ."

तसं पाहिलं तर बटाटा, शेंगदाणा, मिरची, साबुदाण्याचा कंद, सगळं तिकडूनच जहाजाने आपल्याकडे आलेलं. म्हणजे माझ्या उपवासाला काय चालतं, हे सांगायचा हक्क पुण्याच्या मावशीपेक्षा या आजींचाच जास्त. पण मासा तो मासाच.

मग बिल. बाकीच्यांचं भाजलेलं डुक्कर, लाह्या घातलेलं सेविचे (लिंबात मुरवलेली मासळी), बिअरवर बिअर, आणि कुणीतरी उदारपणे म्हणालं, "सरळ पाचात भागू या." कॉलेजात चहाच्या कटिंगलाही टीटीएमएम करणारे हेच. आपण गप्प बसतो. कंजूष कोण म्हणवून घेणार? दर वेळी असंच. न पिणाऱ्याने पिणाऱ्यांचं भरायचं, वर टिप.

निघताना आजींनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "मेनोस सेर्वेसा, मीहो." बिअर कमी कर, बाळा.

"सी, सी," नाशिककराने गंभीरपणे मान डोलावली. तीन बिअर प्यायला होता.