मंगळवारी संध्याकाळी सहा वाजता

आमच्या शहराने कोविडचे सरकारी पैसे कसे वाटले आणि आता येणाऱ्या पैशांचं तसंच होऊ नये, हे लिहू की नको असं गेले चार दिवस चाललं होतं. आज लिहितेच. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

आम्ही अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या एका छोट्या शहरात राहतो. वस्ती पन्नास हजारांच्या बरीच आत. मार्च २०२१ मध्ये इथे 'अमेरिकन रेस्क्यू प्लॅन' हा कायदा झाला. कोविडच्या तडाख्यातून सावरण्यासाठी राज्यं, काउंट्या (म्हणजे इथले जिल्हे), शहरं आणि मूलनिवासी जमातींची सरकारं यांना त्यातून ३५० अब्ज डॉलर मिळाले. त्यातले साडेएकोणीस अब्ज आमच्यासारख्या छोट्या गावांसाठी वेगळे काढलेले होते. २०२० च्या मदतीत पाच लाखांवर वस्ती असलेल्यांनाच केंद्राकडून थेट पैसे मिळत, बाकीच्यांनी राज्याच्या तोंडाकडे बघायचं. या वेळीही पैसे राज्यामार्फतच आले, पण राज्याने फक्त डोकी मोजून ते पुढे द्यायचे होते. मला फार आनंद झाला होता. गावाचा पैसा, गावच ठरवणार.

तेव्हा मी शनिवारी फूड पँट्रीत, म्हणजे गरजूंना फुकट धान्य देतात तिथे, काम करायचे. गाड्यांची रांग चर्चच्या आवारातून बाहेर पार हमरस्त्यापर्यंत जायची. एक बाई दर आठवड्याला यायच्या. नर्सिंग होममध्ये, म्हणजे इथल्या वृद्धांच्या शुश्रूषागृहात, दुपारी तीन ते रात्री अकराची पाळी. म्हाताऱ्या माणसांना उठवणं-बसवणं, अंघोळ घालणं, भरवणं. नातेवाइकांना आत यायची बंदी होती त्या महिन्यांत त्या माणसांचा हात धरायला याच होत्या. आणि महिनाअखेरीला घरात धान्य नाही म्हणून आमच्याकडे रांगेत.

या कायद्यात अशा कामगारांसाठी स्वतंत्र तरतूद होती. तासाला १३ डॉलरपर्यंत जादा पैसे, एका माणसाला जास्तीत जास्त २५ हजार. शहराने ठरवलं असतं तर देता आले असते. शहराचे नोकर असण्याची अटही नव्हती.

पैसे कुठे घालायचे यावर कौन्सिलने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, लोकांचं म्हणणं ऐकायला बैठक ठेवली. मंगळवारी संध्याकाळी सहा वाजता. मी गेले. प्रत्येकाला तीन मिनिटं. पोलीस, अग्निशमन दल, बागा सांभाळणारं खातं आणि मुख्य रस्त्यावरचे काही दुकानदार आले होते. एकानेही भलतंसलतं काही मागितलं नाही, हे मुद्दाम लिहिते. गाडी जुनी झाली होती, छप्पर गळत होतं, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. सगळं खरं होतं. पण पँट्रीच्या रांगेतलं एकही माणूस त्या खोलीत नव्हतं. मंगळवारी सहाला त्या बाई कुणाला तरी जेवण भरवत असणार.

मग जानेवारी २०२२ मध्ये या पैशांबद्दल केंद्र सरकारचे अंतिम नियम आले. कुठल्याही शहराने आपलं एक कोटी डॉलरपर्यंतचं उत्पन्न बुडालं असं हिशेब न मांडता धरून चालावं आणि तेवढे पैसे नेहमीच्या सरकारी कामांवर खर्च करावेत, अशी सवलत मिळाली. कर्ज फेडायला, पेन्शन फंडात भरायला किंवा गंगाजळीत ठेवायला तेवढी मनाई. आता छोट्या शहराला मिळालेली सगळी रक्कमच एक कोटीच्या आत असते. म्हणजे सगळाच पैसा मोकळा. रस्ते, गाड्या, इमारती, काहीही.

ही सवलत का दिली ते मला कळतं. आमच्यासारख्या शहरात हिशेब बघायला एकदोन माणसं. त्यांच्यावर अहवालांचं ओझं टाकलं असतं तर पैसे पडून राहिले असते. पण त्या सोयीत एक प्रश्न गळून पडला : कोविडची झळ नेमकी कुणाला बसली? तो विचारणं नियमाने बंधनकारक राहिलं नाही, आणि आमच्याकडे तो कुणी विचारलाही नाही. ओहायोत ठराव साधारणपणे तीन वेगवेगळ्या दिवशी वाचावा लागतो, म्हणजे लोकांना बोलायला सवड मिळते. तीन चतुर्थांश मतांनी ही अट बाजूला ठेवता येते. आमच्याकडे ती बाजूला ठेवली गेली. एकाच रात्रीत विषय मिटला. याचा मला अजून राग येतो.

एका बाबतीत मात्र मी चुकले होते. पाण्याच्या जुन्या शिशाच्या जोडण्या बदलायला पैसे ठेवले तेव्हा मी चिडले होते. लोकांना भाडं भरता येत नाही आणि तुम्ही पाइप कसले बदलता, असं माझं म्हणणं. नंतर त्या गल्ल्यांतून चालत गेले. शिशाचे पाइप आहेत ती सगळी शंभर वर्षांची घरं, आणि त्यात भाड्याने राहणारी बरीच माणसं आमच्या रांगेतलीच. शिसं लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम करतं. तो खर्च योग्यच होता.

छोट्या धंद्यांना मदतही दिली, पण दोन वर्षांची करविवरणपत्रं मागितली. घरी केस विणून देणाऱ्या, घरून केक विकणाऱ्या बायका तिथेच गळाल्या. मला तेव्हा मिरजेची आठवण झाली. एप्रिल २०२१ च्या निर्बंधांत महाराष्ट्र सरकारने फेरीवाल्यांना दीड हजार रुपये जाहीर केले होते, पण नोंदणी असलेल्यांनाच. आत्याच्या दारावर वीस वर्षं भाजी घेऊन येणाऱ्या मावशींची नोंद कुठेच नव्हती. त्यांना काही मिळालं नाही. इतक्या लांबच्या दोन गावांत अडलं मात्र एकाच ठिकाणी, कागदावर.

कोविडचे ते पैसे आता संपत आले. ठरवायची मुदत २०२४ च्या डिसेंबरअखेर गेली, ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत बिलं चुकती करायची. मग आज हे उकरून का काढतेय? कारण औषध कंपन्यांकडून ओपिऑइडच्या (व्यसन लावणाऱ्या वेदनाशामक गोळ्यांच्या) दाव्यांत मिळणारे पैसे आता येताहेत, आणि ओहायोत त्यातला ३० टक्के वाटा थेट स्थानिक सरकारांना मिळतो. पुन्हा तेच कौन्सिल, पुन्हा तीच खोली. ज्यांच्या घरातली मुलं या गोळ्यांपायी गेली, त्यातले अर्धे लोक गोदामांत दुसऱ्या पाळीला असतात.

मी कौन्सिलला लेखी मागणी केली आहे : एक बैठक शनिवारी सकाळी दहाला घ्या, पँट्रीच्या हॉलमध्ये, आणि तीन वाचनं होऊ द्या. उत्तर अजून आलेलं नाही. आमच्या भागात राहणाऱ्यांनी त्यावर सही करावी ही विनंती, मला मेसेज करा, मी कागद घेऊन घरी येईन. त्या बाईंची सही पहिली आहे. त्यांनी विचारलं, "ती आधीची बैठक कधी झाली होती?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला कुणी बोललंच नाही."